सुजितचा नवा खुबा

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पण कटिंग मास्टर एकच. आमचा सुजित, माझा धाकटा भाऊ. मी सातवी पास, तो आठवी नापास, म्हणजे शिक्षणात आम्ही बरोबरीतच. पण कापडाच्या थप्पीवर त्याने मापाचा फर्मा ठेवला की आमचा सिंधी सेठसुद्धा बोलतो, "साईं, हाथ है की मशीन!"

दगा दिला तो पायाने. डाव्या खुब्यातला गोळा झिजला, पाय आखूड पडला आणि सुजित डावीकडे झुकत चालायला लागला. मी मोठा भाऊ, गप्प बसतो काय? त्याच्या डाव्या चपलेला असा जाड सोल मारून घेतला की बघणारा बोलेल, चप्पल आहे का पाट! सुजितने पण आपल्या सगळ्या पँटी डावीकडे बोटभर आखूड कापल्या. तरी दुखणं वाढतच गेलं.

त्यात भाची सोनियाचं लग्न ठरलं. पोरीने जाहीर केलं, "मला बोहल्यावर सुजितमामाच नेणार." खरं तर मोठा मामा मी, मान माझा. पण ती लहानपणापासून त्याचीच लाडकी.

सुजित बोलला, "अख्ख्या वऱ्हाडासमोर लंगडत येऊ? मी जेवणाकडे बघतो. दादाला ने."

सोनियाने जे रडायला घेतलं! शेवटी मी बोललो, "ए, रडू नको. मामाचा खुबाच बदलून टाकतो."

अंबरनाथ पश्चिमेला वृंदा मॅडम म्हणून हाडांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी एक्स-रे दाखवून समजावलं, "उजवा खुबा देवाने केलाय, त्याच्यासारखाच डावा करायचा. वाटी, गोळा, दांडा, सगळं त्याच्या मापाने. नुसती लांबी जुळून भागत नाही. मांडीचं हाड कंबरेपासून जेवढं बाहेर होतं तेवढंच यायला पाहिजे. नाहीतर पाय सारखे होतात, पण माणूस डुलतो."

"म्हणजे फर्मा लावून कटिंग," सुजित बोलला.

मी बोललो, "मॅडम, आमच्यासाठी जरा स्पेशल टाका. थोडा उंच झाला तरी चालेल."

"दादा, इथे उंची विकत नाहीत. माप जुळवतात."

ऑपरेशन झकास झालं. वॉकर गेला, काठी गेली. पहिल्यांदाच गडी चप्पल घालून रस्त्यावर निघाला आणि परत लंगडला! आणि आता तर उजवीकडे!

माझं डोकं फिरलं. लग्न तोंडावर आलेलं. सुजितला आणि सोनियाला रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारात चपला काढल्या आणि थेट आत घुसलो.

"मॅडम, पाय लांब केलात तुम्ही!"

मॅडमनी त्याला झोपवला. दोन्ही घोटे सारखे. चालवला, तर हा पट्टीने आखल्यासारखा सरळ! बाहेर आलो, चपला घातल्या, परत उजवीकडे. मी त्याला परत आत ओढला. परत सरळ!

मॅडम बोलल्या, "दादा, तुमचा भाऊ माझ्या केबिनमध्येच बरा होतो का?"

तेवढ्यात सोनिया दारात आली. एका हातात उजवी चप्पल, दुसऱ्या हातात डावी.

"मोठ्या मामा, पाय बदललात. ही कोण बदलणार?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. सुजित तर तिथेच बाकावर बसून हसत सुटला. पण एक गोष्ट कोणी बघितली नाही. एवढ्या वर्षांत तो सोल जरासुद्धा झिजला नव्हता. काम आपण असं करून घेतो!

लग्न सोनिवलीला झालं. भटजींनी पुकारलं, "मामा, मुलीला आणा!" आणि सुजित निघाला. सोनियाचा हात धरून, अनवाणी, छाती काढून, ना डावीकडे ना उजवीकडे. नवी पँट त्याने स्वतः कापलेली. हाताची सवय, डावा पाय बोटभर आखूडच! घोटा पार बोहल्यापर्यंत चमकत गेला. आमची बहीण विठा तोंडाला पदर लावून हसत होती का रडत होती, तिलाच माहीत.

नवरदेवाचे आजोबा माझ्याकडे झुकले. "मुलीचे एक मामा लंगडतात असं ऐकलं होतं. ते नाही दिसले?"

"त्यांना अंबरनाथला सोडून आलो," मी बोललो.

"अरेरे. आणि हे?"

"हा माझा भाऊ. जरा वाट द्या, सरळ चालतोय."