गुरुजी, खिखोन आणि सहाची रिंग

गुरुजींची आणि माझी शेवटची भेट त्यांच्या ओट्यावर झाली, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. मी दूध घेऊन घरी चालले होते, तर हाक आली, "बाई, बसा जरा, शहर जाळायचं राह्यलंय." ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण आमच्या टेंभुर्णीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शहर म्हणजे खिखोन, स्पेन देशाच्या उत्तरेचं बंदर, आणि तिथल्या पोलादाच्या कारखान्यात त्यांचा विनायक नोकरीला आहे. फार जुन्या काळी, राजा आणि त्याच्याच नात्यातला एक सरदार यांच्या भांडणात त्या गावाला वेढा पडला आणि गाव जळून खाक झालं. तेवढा भाग त्यांचा मला सांगायचा राहिला होता. गुरुजींनी वही काढली, चष्मा पुसला. "सगळं जळालं, बाई. लोक पांगले. काही वर्षं तिथं राहायला कुणी न्हवतंच म्हणतात. मंग कोळी परत आले. गाव उठतं परत, माणूस न्हाई उठत." मी म्हटलं, "दिवेलागणीला हे कसलं बोलणं, गुरुजी?" ते हसले, वही मिटली आणि म्हणाले, "बरं, सकाळी सहाला." हेच त्यांचे शेवटचे शब्द. याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघं एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत. ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. सगळं गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणायचं आणि मला बाई. शाळेबाहेरची कामं म्हटली की बाकीचे मास्तर कपाळाला हात लावायचे, पण जनगणनेचं काम आलं की गुरुजींच्या अंगात यायचं. घरोघर जाऊन भिंतीवर गेरूने आकडे टाकणं, चुलीपाशी बसून वय विचारणं, "पोळ्याच्या आधी की नंतर जन्मला?" करत म्हाताऱ्यांच्या जन्माची वर्षं शोधून काढणं, यात त्यांना कोण आनंद! विनायक जालन्याच्या सळईच्या मिलमधून उठून एकदम स्पेनला निघाला, तेव्हा बापाचा पहिला प्रश्न "पगार किती?" असा नव्हता. "लोकसंख्या किती?" असा होता. विनायकने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "जवळपास जालन्याएवढीच, बाबा." बस्स! त्या दिवशी दोनशे पानी वही आली.

त्या वहीत काय नव्हतं? रोमन लोकांनी बांधलेली भिंत होती, व्हेल मारायला होड्या घेऊन निघणारे कोळी होते, डोंगरातून कोळसा बंदरावर आणणारी रेल्वे होती. मग पोलाद, मग गोद्या, मग गोद्या बंद पडल्यावर रस्त्यावर उतरलेले कामगार. नाव इंग्रजीतून वाचलं तर गिजॉन होतं, पण "तिथली माणसं म्हणतात तसंच म्हणायचं" हा गुरुजींचा हट्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी कौसाबाई म्हणायची, "गुरुजी, हे गावाचं नाव हाय का खोकला?" एका सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी त्यांना प्रजासत्ताकावर दोन शब्द बोलायला उभं केलं. गुरुजी पाऊण तास खिखोनवर बोलले. पोरं उन्हात, लाडू डब्यात. शेवटी हेडमास्तरांनीच "भारत माता की जय" करून टाकलं. मी हसून हसून बेजार झाले, आणि गुरुजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण वहीची मागची पानं हसण्यासारखी नव्हती. तिथं म्हाताऱ्यांची संख्या जास्त, पाळणे कमी, तरुण पोरं मोठ्या शहरांकडे निघून गेलेली. गुरुजी ते वाचून दाखवायचे आणि मग आमच्या गल्लीकडे बोट करायचे. "हे कुलूप. ते कुलूप. ह्याचा पोरगा पुण्याला, त्याचा संभाजीनगरला. बाई, आपलंबी खिखोनच होऊ राह्यलंय, फक्त समुद्र न्हाई." मला या बोलण्याची भीती वाटायची. मी मुळातच भित्री. पाल बघितली तरी ओरडणारी. त्यात आमचे हे गेले ते झोपेत. सकाळी मी चहाला उठवायला हात लावला तर खांदा गार. तो गारपणा माझ्या तळहाताला आजपण आहे... तेव्हापासून मयताच्या घरी मी अंगणातूनच परत फिरते. मुलगी पिंपरीला, मी इथं एकटी. गुरुजींच्या मंडळी जाऊन सात वर्षं झालेली, तेही एकटे. आणि कौसाबाई, जिने जन्मभर मेंढरं वळली आणि जिची पोरं आता ऊसतोडीला जातात, तीही एकटीच.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी विनायकने फोनवर सांगितलं, की त्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी घरात मरून पडली होती आणि कित्येक दिवस कुणाला पत्ताच नव्हता. दिवा दिवसाढवळ्या जळत होता, टपाल पेटीत कोंबलेलं होतं, आणि हा रोज त्याच दारावरून जिना उतरत होता. "मला वाटलं, बाबा, गेल्या असतील कुठं तरी." गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना ओट्यावर बसवून त्यांनी कायदा केला. सकाळी सहाला कौसाबाईने गुरुजींना रिंग द्यायची, गुरुजींनी मला, मी कौसाबाईला. फोन उचलायचा नाही, एक रिंग वाजली की समजायचं, माणूस उठला. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली ज्याला रिंग जाते त्याच्याकडे, आणि रात्री आतून कडी घालायची नाही, नुसतं लॅच. "आणि रिंग आली न्हाई तर?" कौसाबाईने विचारलं. गुरुजी बोट वर करून म्हणाले, "तर आधी उठायचं, जाऊन बघायचं, मंगच पुढं रिंग द्यायची. बसून राहायचं न्हाई. बिलकुल न्हाई." मी मान डोलवली. गुरुजींच्या घराची किल्ली माझ्याकडे आली, ती मी देव्हाऱ्यात ठेवली.

दोन वर्षं रोज ती रिंग आली. सहा वाजून एक मिनिट, फार तर दोन. एकदाच चुकली, तेव्हा गुरुजींचा रिचार्ज संपला होता आणि मी चप्पल शोधेपर्यंत ते स्वतःच कंपनीच्या नावाने खडे फोडत माझ्या दारात आले होते.

त्या सकाळी सहा वाजले. सहा दोन. सहा पाच. मी फोन हातात घेऊन खाटेवर बसले. मनाशी म्हटलं, रिचार्ज संपला असणार, आता येतीलच शिव्या देत. सहा दहा झाले. माझा तळहात गार पडायला लागला. देव्हाऱ्यातली किल्ली दिसत होती. उठावं, घ्यावी, चार घरं ओलांडावीत, कुलूप काढावं, आणि आत... त्या 'आत'पाशी मी अडायचे. मी एक बाई, साठी ओलांडलेली, पदराचं टोक चावत बसलेली. मग मी जे केलं ते पुढे महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आपली रिंग गेली नाही तर कौसाबाई धावत येईल आणि मग तिच्याबरोबर मला जावंच लागेल. म्हणून साडेसहाच्या सुमाराला मी कौसाबाईला रिंग दिली. म्हणजे तिला कळवलं की सगळं बराबर आहे.

मी गेले तेव्हा पावणेनऊ झाले होते. चांगलं ऊन पडलं होतं, रस्त्यावर माणसं होती, म्हणून गेले. दार उघडलं. गुरुजी बाहेरच्या खोलीत पालथे होते, पाय न्हाणीकडे, उजवा हात दाराकडे लांब केलेला. खोलीतली सतरंजी मधोमध असायची, ती ओढत आणल्यासारखी त्यांच्या बाजूला चुरगळून पडली होती. तांब्या न्हाणीच्या तोंडाशी कलंडलेला. मला लगेच समजलं. माणूस न्हाणीपाशी पडला होता आणि तिथून सरपटत दाराकडे आला होता. किती वेळ लागला असेल? सहापासून? की सातला मी चहा करत होते तेव्हा? मी ओरडले नाही. मी खाली वाकले, सतरंजी ओढून नीट केली, तांब्या उभा केला. आणि मग ओरडले. लोक आले तेव्हा दिसलं ते एवढंच, की गुरुजी दाराशी चालत आले आणि जागच्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, झटका असावा, नेमका कधी ते सांगता येत नाही.

विनायक तिसऱ्या दिवशी पोचला. अग्नी पुतण्याने दिला होता. राखेपाशी उभं राहून विनायकने मला एकच गोष्ट विचारली, "काकू, सहाला रिंग आली होती ना?" मी म्हटलं, "आली होती रे." "मंग बरं. म्हणजे नंतरच झालं. फार वेळ पडून न्हवते." आणि चार माणसांत तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बाबांचं त्या म्हातारीसारखं झालं न्हाई." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. परत जाताना त्याने गुरुजींची खिखोनची वही बॅगेत ठेवली आणि त्यावर त्यांचा फोन ठेवला. बटणांचा साधा फोन. त्यात कोणाला कधी रिंग दिली ते सगळं असतं. त्या दिवशी मला दिलेली रिंग त्यात नाही. त्यानंतर एक महिना, फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे, विनायकचा तर नाही ना. विनायकने तो फोन चार्ज केला असेल, बघितला असेल, आता विचारेल...

शेवटी सहन झालं नाही तेव्हा मी कौसाबाईकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. ती शेंगा फोडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मला ठावं व्हतं, मास्तरीणबाई." "काय ठाऊक होतं?" "तुझी रिंग उशिरा आल्ती त्या दिशी. रोज सहाच्या ठोक्याला येती, त्या दिशी उनं पडायला लागल्यावर आली. माझ्या मनात आलं, काय तरी झालंय. इचारावं म्हणलं." "मग विचारलं का नाहीस, बये?" तेव्हा तिचे हात थांबले. "भ्याले. तू जशी भ्याली तशी मीबी भ्याले. म्हणलं रिंग तर आलीय न्हवं. अन् बसून राह्यले." आम्ही दोघी मग शेंगांच्या टरफलात बसून रडलो. मला हलकं वाटायला हवं होतं, पण उलट भीती वाढली. तीन माणसांचा कायदा होता, त्यातल्या दोघी बसून राहिल्या आणि तिसरा सरपटत होता.

तिथूनच, कौसाबाईसमोर, मी विनायकला फोन लावला. पूर्ण रिंग जाऊ दिली. दुपारची वेळ, तिथं सकाळ. "काकू, बोला." मी बोलले. रिंग आली नव्हती, मी गेले नव्हते, कौसाबाईला खोटी रिंग दिली, पावणेनऊ, तांब्या, सतरंजी. पलीकडे समुद्रावरची पाखरं ओरडत होती. मग त्याने विचारलं, "दारापर्यंत आले होते का?" मी म्हटलं, "हातभर राहिलं होतं." पुन्हा पाखरं. मी म्हटलं, "विनायक, गुरुजींवर लिहा म्हणून पेपरच्या पुरवणीवाले माझ्या मागं लागलेत. मी त्यांना नाही म्हणते." तो म्हणाला, "न्हाई, लिहा. सतरंजीचंबी लिहा." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. रविवारी मी वाट बघते. येईल का, ते मला माहीत नाही, आणि यावा असं म्हणायचा मला हक्कही नाही.

गुरुजींच्या घराला आता कुलूप आहे, त्यांनी आमच्या गल्लीत मोजलेल्या कुलपांत आणखी एक. पण कायदा चालू आहे. आता आम्ही दोघीच आहोत. सहाला कौसाबाईची रिंग मला, माझी तिला, आणि तिच्या घराची किल्ली आता माझ्या देव्हाऱ्यात. परवा सहा वाजले. सहा दोन. सहा तीन. तीच खाट, तोच गार पडणारा तळहात. भीती काही कमी झालेली नव्हती, हे लिहून ठेवते. मी उठले. किल्ली घेतली, चप्पल घातली नाही. कौसाबाई अंगणात सडा टाकत होती. मला अनवाणी, केस सुटलेली बघून तिने बादली खाली ठेवली. "अगं बये, रिचार्ज संपलाय माझा! आत्ता तुझ्याकडंच यायला निघाल्ते." मी तिथंच ओल्या सड्यात मटकन बसले आणि मोठ्याने रडले, पोरासारखी.

कौसाबाईचं घर गल्लीच्या टोकाला, गुरुजींच्या घराच्या बरंच पलीकडे आहे. मला पोचायला चार मिनिटं लागली.