आमच्यासाठी विनंती कर

पाहुण्यांसमोर फक्त ‘आमेन’ म्हणायचं, असं मी बहिणीला परत परत बजावलं होतं. भाचीचं लग्न जमायचं तर प्रयोग बिनचूक व्हायला हवा होता, आणि दिग्दर्शक अर्थातच मी, तिचा मामा.

आम्ही कॅथलिक. मुलाकडचे प्रोटेस्टंट, त्यात मुलाचे वडील त्यांच्या चर्चमधलं मोठं प्रस्थ. देवाघरी गेलेल्या संतांकडे प्रार्थना करणारी सून चालणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मुलगा बापाच्या शब्दाबाहेर जाणार नव्हता, आणि भाचीला दुसरा मुलगा बघायचा नव्हता.

भाऊजी गेल्यावर बहीण वैजापूरकडचं गाव सोडून शहरातल्या छावणी भागात राहायला आलेली. कोनाड्यातला संतांचा पुतळा तासाभरापुरता कपाटात ठेवू म्हटलं, तर म्हणाली, “पाव्हणे आले म्हणून घरच्या माणसाला आत कोंडायचं व्हय?” शेवटी मी पुतळ्यासमोर प्लास्टिकच्या फुलांची अशी आरास केली, की संत जंगलात वाट चुकल्यासारखे दिसू लागले.

मुलगा आईवडिलांना घेऊन आला. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं ‘सलाम’ झाला. वडिलांची नजर खोलीभर फिरली आणि फुलांपाशी थांबली.

“आधी प्रार्थना करू,” ते म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. “हे प्रभू, तू अब्राहामाचा देव,” असं म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. तेवढ्या फटीत बहिणीचा शांत आवाज आला, “आमच्यासाठी विनंती कर.”

आमच्याकडं प्रार्थनेत एकानं एकेका संताचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी हे म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, जीभ आपोआप चालते. मी डोळे न उघडता तिच्या पायावर पाय दिला.

“इसहाकाचा देव.”

“आमच्यासाठी विनंती कर.”

“याकोबाचा देव.”

या वेळी ते माझ्याच तोंडून निघालं.

प्रार्थना तिथंच थांबली. मी डोळे उघडले तर मुलाचे वडील सरळ बहिणीकडे बघत होते.

“बाई, मेलेल्या माणसाला ऐकू येतं?”

“देवापाशी गेलेलं माणूस मेलं म्हणता का तुम्ही, भाऊ?”

“ते नाही म्हणत. पण येशूचं दार उघडं असताना वशिला कशाला?”

“इकडं निघताना चर्चमधल्या लोकांना सांगितलं असंल ना, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून?”

“सांगितलं.”

“मग तो वशिला नाय व्हय?”

“ती आमच्यासमोर बसलेली माणसं आहेत, बाई. त्यांना ऐकू जातं, हे मला दिसतं. तुमच्या संतांचं तुम्ही कशावरून सांगता?”

मी पोह्यांची ताटली पुढं केली, ती कुणी घेतली नाही. मुलगा फरशीकडं बघत होता. मग त्याचे वडील दारात उभ्या असलेल्या भाचीकडं वळले.

“तू सांग. आमच्या घरी आल्यावर अडचण आली, तर कुणाला हाक मारशील?”

मी त्यांच्या पाठीमागून नुसत्या ओठांनी उत्तर पुरवत होतो.

“येशूला,” भाची म्हणाली.

मी श्वास सोडला.

“आणि मग आईला फोन करीन. म्हणेन, तुझ्या संतांना पण सांगून ठेव.”

माझे ओठ तसेच उघडे राहिले. बहिणीनं पदर तोंडाला लावला. मुलाची आई आपल्या नवऱ्याकडं बघत होती, आणि ते फुलांकडं.

“फोनला,” ते शेवटी म्हणाले, “आमची हरकत नाही.”