बोअरचं काचेसारखं पाणी

वडील ज्या ओतकामाच्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि आमचं घर आईच्या डब्यांवर आलं. नव्वदीची सुरुवात होती. मुरगूड सोडून आम्ही कोल्हापूरच्या कडेला, नव्यानं वसलेल्या एका कॉलनीत आलो होतो. एक खोली, रॉकेलचा स्टोव्ह, आणि आसपासच्या वर्कशॉपमधल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे दोन वेळचे डबे. आईची भाकरी पोरं मागून न्यायची. डाळ मात्र शिजायची नाही.

किती रटरटवली तरी तुरीचा दाणा दाताखाली यायचाच. रांगेत उभं राहून आणलेलं रॉकेल त्या डाळीखाली जळून जायचं. आई खायचा सोडा घालायची. मग डाळ मऊ व्हायची, पण चव जायची. पोरं तोंडावर बोलायची, "मावशी, आज आमटीत खडी टाकलीसा व्हय?" हसत म्हणायची, पण दर महिन्याला एकदोघं डबा बंद करायची. डबे गेले तर माझं कॉलेज जाणार, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडं राहणाऱ्या आत्याचं उत्तर तयार होतं. "गाव सोडलं तसा तुझा हातच फिरला बघ, वहिनी."

आईनं दुकानदार बदलला, डाळ बदलली. शेवटी तीच डाळ पिशवीत बांधून मुरगूडला मामीकडं धाडली. मामीचा निरोप आला, डाळ लोण्यासारखी शिजली. झालं, आत्याला पुरावाच मिळाला. पुढं कुणी जेवायला बसलं की आई डाळ वाढताना त्याच्याकडं बघायची नाही.

पाण्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण कॉलनीतल्या बोअरचं पाणी होतंच तसं. गार आणि काचेसारखं. पावसाळ्यात शहरात नळाला गढूळ पाणी यायचं, तेव्हा आलेलं पावणं आमच्याकडं तांब्या तांब्या प्यायचं. "ह्याला म्हणायचं पाणी," म्हणायचं. वडील जणू स्वतःच खडक फोडून काढल्यासारखे मान हलवायचे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सरांनी प्रॅक्टिकलला घरचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं. पाण्यात रंग टाकला की ते कोकम सरबतासारखं लाल व्हायचं. वरच्या काचेच्या नळीतून औषध थेंब थेंब सोडायचं. पाण्यात क्षार जेवढे जास्त, तेवढं ती लाली जायला औषध जास्त लागायचं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं पाणी शहरातल्या नळाचं. थोडं औषध पडलं आणि एका थेंबाला सगळी लाली गेली, कपड्याला घालायच्या निळीसारखं निळं झालं. मी बघतच राहिले. एक थेंब, आणि पाण्यानं आपलं पोट उघडून दाखवलं.

माझं पाणी लालच. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी लाल. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. सरांनी बाटली उजेडात धरली. "कुठलं गं हे?"

"आमच्या बोअरचं, सर."

"खडकातनं येताना चुना घेऊन आलंय. दिसायला चांगलं हाय, पण ह्यात डाळ शिजत नसणार. चुना दाण्याला आवळून धरतो."

मी घरातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या माणसानं बाटलीकडं बघून आमची चूल ओळखली.

मैत्रिणीच्या घरनं नळाचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि सायकलला बांधून आणलं. आई म्हणाली, "पाण्यानं काय हुतंय?" तरी तिनं एकाच डब्यातली डाळ दोनदा लावली, आधी बोअरच्या पाण्यात, मग नळाच्या. सोडा नाही. पहिली नेहमीसारखी टणक. दुसरीत पळी घातली तर दाणा सापडेना. आईनं चिमटीत धरून बघितलं, बोटं पिवळी झाली नुसती. वडील आत आले आणि पातेल्याजवळ उकिडवे बसले. एवढं निर्मळ पाणी आणि त्यात दगड, हे त्यांच्या डोक्यात मावेना.

"म्हंजे हात माझाच हाय न्हवं?" आई म्हणाली.

आत्यानं आमटी भुरकली. "हाय की. मग एवढं दिस मला तुझ्या हाताला बोलू कशाला दिलंस? पाण्याला बोलले असते."

आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून वडील डाळीपुरतं पाणी शहरातल्या नळावरून सायकलीनं आणू लागले. पोरं परत आली, येताना नवी पोरं घेऊन आली. दोन हजारनंतर आमच्या कॉलनीतही नळ आला. तोवर आईच्या डब्यांवर मी बी.एस्सी. पूर्ण केलं होतं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी ती.