हुंगणीची पेटी

हाताला येईल ती वस्तू माझी एक विद्यार्थिनी आधी हुंगायची. नवं पुस्तक, फळ्यावरचा मार्कर, एकदा तर माझा जेवणाचा डबा, तोही बंद. "भेंडी आहे, सर. पण आजची नाही," असं म्हणून तिने माझ्या घरची परिस्थिती चारचौघांत जाहीर केली. वर्गाने तिचं नाव हुंगणी ठेवलं. तिला ते आवडलं असावं, कारण प्रकल्पाच्या वहीवर तिने तेच घातलं होतं.

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. आमच्याकडे नवनिर्मितीसाठी स्वतंत्र दालन आहे. त्याचं उद्घाटन दोनदा झालं, किल्ली मात्र अजून सापडायची आहे. त्यामुळे नवनिर्मिती जिन्याखाली चालते. तिथे बसून हुंगणी एका पत्र्याच्या पेटीला वास ओळखायला शिकवत असे. पेटीत वास टिपणारे सेन्सर होते. तिच्या सटाण्याकडे उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, महिनोन्महिने साठवतात, आणि एक सडला की तो शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. ते वेळेवर कळावं, एवढंच तिला हवं होतं. "माझ्या आईला दारातून कळतं, सर. मग यंत्राला का नाही?"

"एका आईच्या नाकावर संशोधन होत नाही," मी म्हणालो. मार्गदर्शकाला अधूनमधून असं काही म्हणावं लागतं. तिने ते मनावर घेतलं. वर्गातले दोन मित्र पेटी घेऊन मोटरसायकलवरून गावोगाव हिंडले. चाळीत पेटी ठेवायची, माल कसा आहे ते मालकाला विचारायचं आणि उत्तर वहीत लिहायचं. त्या उत्तरांवर पेटी शिकली.

दिवाळीआधी बाहेरचे परीक्षक आले. हुंगणीने पेटीसमोर सडका कांदा ठेवला. पडद्यावर उमटलं, 'चांगला'. दुसरा ठेवला. तोही चांगला. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. "मशीनला सर्दी झालीय का हो?"

पंधरा दिवसांत सुधारणा, नाहीतर विषय रद्द, असं ठरलं. विभागप्रमुखांनी तिला मायेने सुचवलं, "चेहरा बघून हजेरी घेणारा प्रकल्प बाजारात तयार मिळतो. सगळे तोच करतात."

"तयारच मिळतो, तर मी त्यात काय करू, सर?" ती म्हणाली. आवाज ठाम होता, डोळे मात्र भरले होते.

रविवारी मी तिच्याबरोबर सटाण्याला गेलो. तिच्या शेजारच्या काकांनी माझ्या हातातली वही पाहिली आणि ते ताठ उभे राहिले. "एक नंबर माल शे, साहेब!" मला चाळीच्या दारात उभ्या जागी सडका दर्प येत होता. हुंगणीने काकांकडे पाहिलं, मग वहीकडे, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे. मित्रही असेच वही घेऊन आले असणार, आणि व्यापाऱ्याची माणसं वाटले असणार. व्यापाऱ्याच्या माणसासमोर आपल्या मालाला वाईट कोण म्हणेल? पेटी मंद नव्हती. आम्ही तिला शिष्टाचार शिकवला होता.

तिने माझ्या हातून वही काढून घेतली, आपल्या पिशवीत घातली आणि काकूंकडे वळली. "काकू, आज भाजीला कांदा कुठला घ्याल?"

काकू दोन कप्पे ओलांडून तिसऱ्याशी वाकल्या.

"आणि हे दोन?"

"त्या इकाले!" काकू पदराआड हसल्या. ते विकायचे.

पुढचे दिवस ती एकटीच चाळी फिरली. मालाबद्दल चकार शब्द नाही. फक्त भाजीची चौकशी.

दुसऱ्या परीक्षणात पेटीने एका टणक, लालबुंद कांद्याला 'खराब' म्हटलं. परीक्षकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा तर ठणठणीत आहे."

"कापू का, सर?"

आतून तो तपकिरी, पाणचट निघाला. परीक्षकांनी पुन्हा रुमाल काढला. "विषय चालू ठेवा," म्हणाले. आमच्याकडे याहून मोठा सत्कार होत नाही.

आता ती पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असते. पेटी सोबत नेली. सध्या ती पेटीला द्राक्षं शिकवतेय.

तास संपताना मी वर्षानुवर्षं विचारत आलो, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो सर!" आणि मी खूश व्हायचो. ती गेल्यावर एकदा मी वेगळं विचारलं. "शेजारच्याला यातलं काय शिकवाल?"

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. मी फळा पुसला आणि तो भाग पहिल्यापासून शिकवायला घेतला.