हयातीचा दाखला

गिरीजच्या नाक्यावरच्या सेवा केंद्रात तो बसतो. दाखले, अर्ज, रेशनकार्ड, सगळं त्याच्या एका कॉम्प्युटरवर चालतं. बाबांच्या म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनीला हयातीचा दाखला लागायचा, म्हणून मी त्यांना दरवर्षी तिथं न्यायचो. जन्मभर वाडीच्या मातीत हात घालून बाबांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. मशीन अंगठा घ्यायचंच नाही. मग तो खुर्ची सोडून बाहेर यायचा आणि बाबांचा अंगठा दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहायचा. मागे रांग कुरकुरायची. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मीच.

"घाई नको, दादा," तो म्हणायचा. "मशीनला मानूस कळत नाय, ऊब कळते."

परवा मी एकटाच गेलो. रेशनकार्डावरून बाबांचं नाव कमी करायचं होतं. त्यानं मृत्यूचा दाखला वाचला, टेबलावर पालथा ठेवला. अर्जाला माझा अंगठा हवा होता. तो उठून बाहेर आला आणि माझा अंगठा तळव्यांत धरून चोळू लागला.

"अहो, माझा लगेच येतो," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

मागे कुणीतरी कुरकुरलं. मी हात सोडवून घेतला नाही.