साखरेच्या डब्यातली पावडर

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. परभणीच्या डॉक्टरांनी सकाळी घ्यायची गोळी दिली आणि साखर बंद केली. दादांनी गोळी मान्य केली. साखरेबद्दल म्हणाले, "त्या डॉक्टराला काय माहीत, मी रानात किती राबतो ते?" रानात जाणं सोडून त्यांना तेव्हा सहा वर्षं झाली होती.

माय त्यांच्या बाजूची. मी शाळेत गेलो की घरात पाच-सहा कप गोड चहा व्हायचा.

मी विज्ञान शिकवतो. आधी वाचा, मग करा, असं पोरांना सांगतो. मीही वाचलं. साखरेऐवजी वापरायच्या गोड पावडरीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, दुकानदाराला दोनदा विचारलं. सुक्रालोज साखरेहून शेकडो पटींनी गोड असतं, म्हणून दुसऱ्या भुकटीत मिसळून ते चमच्यानं मोजण्याजोगं करतात. उकळत्या चहातही गोडी टिकते. रक्तातली साखर त्यानं जवळजवळ वाढतच नाही. प्रमाणात घेतलं तर धोका नाही. हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे.

एका रविवारी माय देवळात गेल्यावर मी साखरेचा डबा रिकामा करून त्यात ती पावडर भरली. कुणाला सांगितलं नाही. "साखर पिठावानी काहून दिसायली?" असं मायनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आता बारीकच येते." डब्याला मुंग्या लागणं बंद झालं. मायनं त्यात लवंगा टाकल्या होत्या, त्यामुळे श्रेय लवंगांना गेलं. शेजारच्या दोन घरांतही लवंगा पडल्या. तिकडच्या मुंग्या गेल्या नाहीत.

तपासणीत साखर उतरली. डॉक्टर खूश झाले. मीही झालो.

मग मोठी एकादशी आली. वर्षातल्या दोन मोठ्या एकादशींना दादा दिवसभर फक्त चहा पितात. गोळी चुकवत नाहीत, कारण गोळी म्हणजे अन्न नव्हे. आधीचे उपास चहातल्या साखरेनं निभावून नेले होते, हे विज्ञानाच्या शिक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी शाळेतून आलो तर दादा बाजेवर घामानं भिजलेले. हात थरथरत होते. मला ते तलाठी समजून उताऱ्याचं विचारत होते.

"कवाधरनं असं करायलेत?" मी मायला विचारलं.

"तासभर झाला असंल. दोन गिलास साखरपाणी पाजलं रे. काईच फरक पडंना."

हा उपाय डॉक्टरांनीच तिला शिकवला होता. तिनं तो बरोबर केला होता.

मी गोठ्यात पळालो. व्यालेल्या म्हशीसाठी आणलेला काळा गूळ तिथं होता. तो पाण्यात कालवला आणि दादा गिळताहेत ना हे बघत घोट घोट पाजला. वीसेक मिनिटांनी त्यांनी मला ओळखलं.

"म्हशीचा गूळ पाजलास व्हय रे मला?"

"हो दादा."

"मग तिला काय दिलंस?"

भगर खाऊ घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मी बाहेर गाठून खरं सांगितलं. त्यांनी गोळी कमी केली आणि म्हणाले, "पावडरीत वाईट काही नाही, गुरुजी. घरात सांगायला हवं होतं."

घरी आल्यावर मी डब्यात गुपचूप साखर भरली. तेही सांगितलं नाही.

आठवडाभर माणसं दादांना बघायला येत होती. माय प्रत्येकाला एकच सांगायची, "माझ्याच हातानं साखर कमी पडली. घाबरले ना मी. माझ्यामुळं गेले असते." मी आलेल्यांना पाणी द्यायचो आणि उभा राहायचो. त्या दिवसांत ती नीट जेवत नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"चार महिने?"

"हो."

"मला सांगितलं असतं तर मी काय तुला खाल्लं असतं?"

मी चुलीत काटकी सारली. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "आता कसं हाय? अन् झालं तरी कसं वं असं?"

मी तोंड उघडलं. माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय सांगू बाई, माझ्याच हातानं साखर कमी पडली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा शाळंला. उशीर व्हायलाय."

मी गेलो.