मामाच्या कानाची तपासणी

माझा मामा कारखान्यात फिटर. चालत्या मोटरला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि सांगायचं, "हे बेअरिंग आठवड्याभरात जाणार." ते जायचंच. असा तिखट कानाचा माणूस, पण कानात बोळे घाल म्हटलं की कपाळाला आठ्या. मी किती डोकं फोडलं, ऐकेल तर शपथ!

गेल्या महिन्यात त्याने पास केलेला मोठा पंखा दुसऱ्याच दिवशी तुटला. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. साहेब म्हणाले, कानाचा रिपोर्ट आण, नाहीतर गोदामात बस. आणि गावभराचे कान तपासते मी, त्याची सख्खी भाची.

"मला हाडातून ऐकू येतं, मग भानगड काय?" मामा म्हणाला.

मी समजावलं. कानाचा पडदा किंवा त्यामागची तीन इवलीशी हाडं बिघडली, तरी कवटीतून आवाज आत पोचतो, हे खरं. पण पोचायचं कुठे, तर शंखासारख्या वेटोळ्या नळीत. तिथल्या पाण्यात लाट उठते, बारीक केसांच्या पेशी हलतात, तेव्हा मेंदूला कळतं. उंच, बारीक आवाजांच्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी. गोंगाटाचा मार त्याच आधी खातात, आणि मेल्या की परत येत नाहीत. बेअरिंगची पहिली किरकिर त्यांनाच कळते.

"स्पेअर पार्ट नाही मिळत?" तो हसला. मला हसू आलं नाही.

काचेच्या खिडकीच्या आवाजबंद खोलीत बसवून मी त्याला हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. लबाड काचेतून माझा हात बघून दाबू लागला, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. जाडे सूर त्याने झकास ओळखले. बारीक सुरांनाही बटण वेळेवर. माझा जीव भांड्यात पडला.

मग शंका आली. चूक माझीच, मी दर चार सेकंदांनी सूर सोडत होते. मी हात मागे घेतला. चार सेकंदांनी त्याच्या बटणाचा माझ्याकडचा दिवा लागला. परत चार, परत दिवा. पाठमोरा मामा मान डोलावत दाबतच होता. मला रडूच फुटलं.

बाहेर येऊन त्याने विचारलं, "एकही चुकला नाही ना?"

"मामा, शेवटचे दहा मी वाजवलेच नव्हते."

तो बाकावर बसला.

"कारखान्यातही दोन वर्षं हेच करतोय गं," तो म्हणाला. "नुसता अंदाज. रिपोर्टमध्ये खरं ते लिही तू. मला सांगवत नव्हतं."